पद्माकरचं डिझेल

"टँकर कदी उतरला?"

जनूदादाचा रामराम हा असा असायचा. काशिमिऱ्याच्या ज्या पेट्रोल पंपावर मी सुपरवायझर म्हणून अकरा वर्षं काढली, तिथं येणारे बाकीचे ड्रायव्हर हवा कुठे मिळेल ते विचारायचे, पिण्याचं पाणी विचारायचे, क्रिकेटचा स्कोअर विचारायचे. हा एकटा माणूस टँकरची चौकशी करायचा. टँकरनं जमिनीखालच्या टाकीत नवं डिझेल ओतलं की तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि तो बसायला काही तास लागतात, हे त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं, पण खरं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचाच पंपावर जास्त वैताग येतो. "तासाभरापूर्वीच उतरला, दादा," असं मी म्हणालो की तो ट्रक बाजूच्या पिंपळाखाली नेऊन लावायचा, न पेटवलेली विडी बोटांत धरून पायरीवर बसायचा आणि "थांबतो. घाई कोनाला हाय," म्हणायचा. घाई आम्हाला असायची.

गाळ बसल्याची खात्री पटली की दुसरा अंक. डिझेलची डेन्सिटी तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, अशी एक पाटी आमच्या पंपावर होती. अकरा वर्षांत ती पाटी वाचून हक्क बजावणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो चौथी शिकलेला होता. मग मी ऑफिसातून काचेचा उंच जार आणायचा, त्यात डिझेल घेऊन घनता मोजायची, आकडे असलेली काचेची कांडी तरंगत सोडायची, आणि त्यानं वाकून, एक डोळा मिटून आकडा बघायचा. सकाळी वहीत लिहिलेल्या आकड्याशी तो जुळला तरी याचं समाधान नाही. शेवटी एक थेंब अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये घेऊन तो चोळायचा, बोटं नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. घासलेटाची भेसळ असेल तर बोटांना कोरडं लागतं आणि वास वर चढतो, असं तो सांगायचा. डोळे उघडून तो "भर" म्हणेपर्यंत मागच्या लाइनीतून माझ्या आईवडिलांची आठवण काढली जात असायची.

टाकी भरली की खिशातून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली निघायची. तीत थोडं डिझेल घ्यायचं, झाकण घट्ट लावायचं, वर चिकटपट्टी डकवायची आणि पट्टीवर पेनानं तारीख आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लिहायचं. ही बाटली घरी खिडकीत चार दिवस उभी राहायची. पाणी असलं तर तळाशी उतरतं, कचरा असला तर दिसतो. एकदा मी चिडून म्हणालो, "दादा, तेव्हा कळून काय उपयोग? डिझेल तर जळून गेलेलं असतं."

"पुडल्या टायमाला तुज्याकरे येयाचा का नाय, ते कलतो ना," तो शांतपणे म्हणाला. मी दादरहून शांती नगरात राहायला आलेला, म्हणून तो मला दादरवाला म्हणायचा. "दादरवाला, मानसाच्या पोटात वायट गेला तर तो बोंबलतो. इंजिन बोंबलत न्हाय. सगला गिलतो नि एक दिवस मरतो."

पहिली दोन वर्षं मला हा माणूस डोक्याला ताप वाटायचा. नंतर तो चार दिवस फिरकला नाही तर मीच रस्त्याकडे बघायला लागलो. सवय लागते माणसाची, दुसरं काय.

तो पालीचा. उत्तनच्या पुढचं समुद्राकाठचं ते गाव. घर मासेमारीचं, पण हा बोटीवर जायचा नाही. त्याच्याकडे पुढे लांब नाक असलेला जुना निळा ट्रक होता. जाताना बर्फ न्यायचा, येताना गावातल्या लहान बोटींची मासळी बाजाराला पोचवायची, हा त्याचा धंदा. ट्रकच्या कपाळावर पिवळ्या अक्षरात 'पद्माकर' असं लिहिलेलं होतं. मला वाटायचं मालकाचं नाव असेल. एकदा विचारलं तर म्हणाला, "त्याचाच हाय गारी," आणि बोट चोळत दुसरीकडे बघायला लागला.

पद्माकर कोण, ते मला पालीला कळलं. एका रविवारी मी बायकोला घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. समुद्राकडच्या खिडकीत बाटल्यांच्या तीन रांगा होत्या. ऊन त्यांतून आरपार येत होतं आणि भिंतीवर पिवळे डाग पडले होते. माझ्या बायकोनं कौतुकानं विचारलं, हे मध आहे का. जनूदादाला हसताना मी पाहिलं ते तेव्हाच. मग तो शहाळी आणायला बाहेर गेला आणि त्याची भावजय, हिरावहिनी, सुकट निवडता निवडता आमच्याशी बोलायला लागली.

"पद्माकर माजा घरवाला," ती म्हणाली. "ह्याचा मोटा भाव. बोटीन दोगंव जायाचे. त्या दिशी ह्याला ताप होता, म्हनून हा घरा रायला. पन डिझेल ह्यानंच भरून दिलता. ड्रमाच्या तलाला पानी होता, कोनाला ठाव. वाऱ्यान मशिन बंद परला. बोट गावली. तो न्हाय गावला."

 तिचे हात चालूच होते.

"कोन कायपन बोलला न्हाय ह्याला. मी पन न्हाय बोलली. बोलली असती तर बरा झाला असता." ती एवढं म्हणाली आणि सुकटीतला कचरा बाजूला टाकला.

बोटीतला आपला हिस्सा विकून त्यानं ट्रक घेतला होता, भावाचं नाव त्यावर घातलं होतं. वहिनीनं पुढे दुसरी लहान बोट माणसं लावून चालवायला घेतली. तिच्या टोपल्या ट्रकमध्ये पहिल्या चढायच्या आणि बाजारात पहिल्या उतरायच्या. गावात इतर टेंपो होते, पण ते मोठ्या बोटींचा माल उचलायचे. हा ट्रक चालतोय तोवर हिरावहिनीची मासळी विकली जाणार, एवढं साधं गणित होतं. शहाळी घेऊन जनूदादा परत आला तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्या दिवसापासून मी जार मागायच्या आधीच काढून ठेवायला लागलो.

मग ते नवं डिझेल आलं. कंपनीचा एक साहेब येऊन आम्हाला सांगून गेला की यात गंधक कमी आहे, धूर कमी होईल, शहराची हवा सुधारेल. जनूदादानं पहिला थेंब चोळला, डोळे मिटले, उघडले, परत चोळला.

"घासलेट न्हाय," तो म्हणाला, "पन कोरडा हाय. हा इंजिनाच्या पंपाला लागनार."

मी हसण्यावारी नेलं. कंपनीच्या लॅबपेक्षा याची बोटं शहाणी, असं मी कॅशियरला डोळा मारून म्हणालोही. तीन-चार महिन्यांनी 'पद्माकर'च्या डिझेल पंपाच्या जोडांतून तेल पाझरायला लागलं. पुढे कंपनीच्याच माणसाकडून कळलं की जुन्या इंजिनांच्या पंपाला डिझेलमधूनच वंगण मिळतं आणि गंधक काढताना ते वंगणही थोडं जातं. हे मी जनूदादाला सांगितलं नाही. त्याला ते आधीच माहीत होतं आणि मला लाज वाटली.

त्याच सुमाराला डिझेलमध्ये घालायच्या औषधांचा सुळसुळाट झाला. टाय लावलेला एक सेल्समन आमच्या पंपावर टेबल मांडून बसला होता. "अंकल, ये डालो, इंजन नया जैसा हो जाएगा," तो जनूदादाला म्हणाला.

"पहिले इसका उमर पूछ," जनूदादा म्हणाला. "इसमें क्या है?"

"फॉर्म्युला है, अंकल."

"फॉर्म्युला मतलब क्या?"

सेल्समननं बाटली उलटी करून वाचली, पण तीवरही फॉर्म्युला एवढंच लिहिलेलं होतं. जनूदादानं त्याच्याकडून लाल, हिरवं आणि पांढरं अशी तीन औषधं घेतली. घरी जाऊन त्यानं चार बाटल्यांत डिझेल भरलं, तीन बाटल्यांत एकेक औषध टाकलं, एकीत काहीच नाही, आणि प्रत्येकीत एक थेंब पाणी आणि एक नवा कोरा खिळा सोडला. आठवड्यानं तो चारी बाटल्या पिशवीत घेऊन आला आणि माझ्या टेबलावर मांडल्या. लालमधला खिळा गंजला होता. हिरव्यातलं औषध दह्यासारखं तळाशी फुटून बसलं होतं. पांढऱ्यातला खिळा आणि काहीच न घातलेल्या बाटलीतला खिळा जुळे भाऊ होते.

"मग काय घालणार?" मी विचारलं.

त्यानं खिशातून रिक्षावाले पेट्रोलमध्ये मिसळतात ते टू-टी ऑइल काढलं. दहा लिटर डिझेलला खोकल्याच्या बाटलीची तीन झाकणं. दोन घातली तर पंप कुरकुरतो, चार घातली तर धूर करतो, असं त्यानं महिनाभर चढावर कान लावून ठरवलं होतं. टाकीत ओतताना झाकणं तो मोठ्यानं मोजायचा, घरातल्या आजाऱ्याला औषध देताना मोजतात तशी. पाझर कमी झाला. ट्रक पुन्हा उत्तनचा चढ विनातक्रार चढायला लागला आणि जनूदादा माझ्याकडे बघून एकदा चक्क मान डोलावून गेला.

पण तेल म्हटलं की धूर आलाच. तीन झाकणांचाही थोडा यायचा. इंजिनाचं वय झालं तसा वाढला. इकडे धुराचं सर्टिफिकेट तपासणं कडक झालं होतं. हायवेवर त्याला दोनदा अडवलं आणि पुढच्या वेळी गाडी जमा करू असं सांगितलं. आमच्या शेजारच्या तपासणी केंद्रात तो दोनदा नापास झाला. नळी सायलेन्सरला लावायची, अॅक्सिलेटर दाबायचा आणि मशिनवरचा आकडा वर वर जाताना बघायचा. जनूदादा तो आकडाही वाकून, एक डोळा मिटून बघायचा.

आमच्या जवळच्या मिस्त्रीनं पंप उतरवून बघायला हवा असं सांगितलं. "पंधरा दिन गाडी खड़ी रखो, चाचा. पार्ट मिले ना मिले, बोल नहीं सकता." बोंबलाचे दिवस होते. पंधरा दिवस ट्रक उभा राहिला असता तर वहिनीची बोटही उभी राहिली असती. जनूदादा पिंपळाखाली बसून होता. तेल घातलं तर सर्टिफिकेट नाही, काढलं तर पंप नाही.

आणि तिथं मी तोंड उघडलं.

"दादा, सगळेच करतात," मी म्हणालो. "टाकी अर्धीअधिक खाली करायची, तेल घालायचं नाही, पाचेक लिटर घासलेट ओतायचं. धूर बसतो. सर्टिफिकेट हातात आलं की टाकी रिकामी करून स्वच्छ डिझेल भरायचं. तासाभराचा प्रश्न. मग सहा महिने बघायला नको."

 विडी त्यानं कानामागे खोचली आणि निघून गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा टँकरची चौकशी त्यानं केली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घासलेट कुटं गावंल?"

ते माझ्याच घरी होतं. आमच्याकडे तेव्हा एकच सिलिंडर, म्हणून रेशनवर थोडं घासलेट मिळायचं. बायको ते पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये मोरीशेजारी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवर कॅन पायांत धरून आणला. रेशनचं निळं घासलेट कॅनमधून दिसत होतं. जनूदादानं तो हात लांब करून घेतला. मी सवयीनं जार काढून ठेवला होता.

"आज नको," तो म्हणाला.

त्यानं आपल्या हातानं ते टाकीत ओतलं. संपल्यावर कॅन उलटा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला. मग खिशातून बाटली काढून, पाइप लावून टाकीतलं थोडं तीत घेतलं. मला ते विचित्र वाटलं. ट्रक पास झाला. आकडा वर गेलाच नाही. तपासणी केंद्रातल्या माणसानं मान हलवत सर्टिफिकेट दिलं.

ठरल्याप्रमाणे जनूदादानं ट्रक पिंपळाखाली लावला, टाकीखाली बादली ठेवली आणि पाना लावला. तेवढ्यात आमच्या ऑफिसातला फोन वाजला. हिरावहिनी होती. बोट लवकर लागली होती, बोंबील भरपूर आला होता, बर्फ संपला होता आणि माल उन्हात धक्क्यावर पडला होता. "त्याला सांग, लवकर ये," ती म्हणाली.

मी तसाच बाहेर जाऊन सांगितलं. तो पाना धरून बसलेला. टाकी रिकामी करून भरायला अर्धा-पाऊण तास लागला असता.

"टाकी खाली करू?" त्यानं मला विचारलं. या माणसानं डिझेलच्या बाबतीत मला कधी काही विचारलं नव्हतं.

"एका खेपेनं काय होतंय, दादा," मी म्हणालो. "माल खराब होईल. आल्यावर करा."

त्यानं पाना पिशवीत टाकला.

पालीला तो पोचला. माल चढवला. परत येताना, भरल्या गाडीनं, उत्तनच्या चढाच्या मध्यावर पंप जाम झाला. निरोप आल्यावर मी रिक्षा करून गेलो तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं, टोपल्यांतून पाणी गळत होतं आणि ट्रकभोवती कावळे जमले होते. दुसरा टेंपो मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. बोंबील तेवढा वेळ थांबत नाही. मालाबरोबर ट्रकमधून आलेली हिरावहिनी रस्त्याच्या कडेला बसून होती. तिनं टोपल्यांत एकदा हात घातला, वास घेतला आणि हात पदराला पुसला. तेव्हाही ती काही बोलली नाही.

जनूदादा ट्रकच्या पुढे उभा होता. बॉनेट उघडायच्या भानगडीत तो पडलाच नव्हता. तो कपाळावरच्या नावाकडे बघत होता.

"एकदा पानी पाजला," तो म्हणाला. "आज घासलेट पाजला."

मी म्हणालो, "दादा, ती माझी चूक आहे." त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं त्यानं ऐकलं.

मिस्त्रीनं भंगारातून एक जुना पंप शोधून आणला. पंधरा दिवसांत बसवून देतो म्हणाला. मी पालीला निरोप पाठवला. उत्तर आलं, "न्हाय. आता माजा हात नको त्याला." ट्रक भंगारात, वजनावर गेला. नेताना भंगारवाल्यांनी कपाळावरचा नावाचा पत्रा कापून देऊ का विचारलं, तेही जनूदादानं नको म्हटलं. वहिनीची मासळी त्यानंतर दुसऱ्याच्या टेंपोत, सगळ्यांच्या शेवटी चढायला लागली. कधी चढायची, कधी तिथंच सुकवायला टाकावी लागायची.

दीड-दोन महिने मला जायचा धीर झाला नाही. गेलो तेव्हा वहिनी बाहेर बोंबील वाळत घालत होती. तिनं नुसतं आत बोट दाखवलं. खिडकी रिकामी होती. धुतलेल्या बाटल्या कोपऱ्यात एका गोणीत भरलेल्या होत्या. खिडकीत एकच बाटली उरली होती, आतलं डिझेल हिरवट. मी जवळ जाऊन पट्टी वाचली. तारीख त्याच दिवसाची होती. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या नावाच्या जागी त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं होतं, 'जनार्दन'.

घासलेट त्यानं माझ्याकडून घेतलं होतं. त्याच्या नियमानं तिथं माझं नाव हवं होतं. मी बाटली फिरवून मागची बाजूही पाहिली. नव्हतं.

जनूदादा आतून आला. बारीक झाला होता. त्याच्या हातात आमचा पांढरा कॅन होता, घासून स्वच्छ केलेला. "बायकोला दे," तो म्हणाला. "चार वेला धुतलाय. सोडा टाकून. वास येतो का बग."

मी झाकण काढून वास घेतला. प्लॅस्टिकमधून घासलेट कधी पुरतं जात नाही. "नाही येत, दादा," मी म्हणालो.

त्यानं कॅन माझ्या हातातून घेतला, स्वतः वास घेतला, झाकण लावलं आणि परत दिला. "घरी गेल्यावर आजून उनात ठेव," एवढंच म्हणाला.

तो मला बसपर्यंत सोडायला आला.  मी खिडकीजवळ बसलो, रिकामा कॅन मांडीवर. बस सुरू झाली तेव्हा ड्रायव्हरनं रेस दिली आणि धुराचा लोट जनूदादाच्या अंगावर गेला. तो बाजूला झाला नाही. वळणावर मी मागे पाहिलं. तो रस्त्यातच उभा होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत. मग त्यानं ती बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले.